अट फक्त बँडवाल्यालाच का?

ज्या लग्नात बँड, डीजे किंवा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम असेल त्या लग्नाचा निकाह पढवला जाणार नाही, अशा अर्थाचे ठराव गेल्या काही वर्षांत उत्तर प्रदेश, झारखंडपासून आपल्या महाराष्ट्रापर्यंत अनेक गावांत झाले. कुठे नुसता नकार, कुठे वर दंड, कुठे त्या घरच्या दावतीवर बहिष्कार. ठरावाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि खाली आपली तरुण मुलं ‘माशाअल्लाह’, ‘हर मोहल्ले में होना चाहिए’ असं लिहितात. त्यातल्या निम्म्यांनी आदल्याच आठवड्यात कुणाच्या तरी वरातीत नाचतानाची रील टाकलेली असते, ते सोडा. या ठरावांना माझा विरोध आहे आणि तो मी इथे, आपल्याच लोकांसमोर मांडते आहे.

असा ठराव वाचताना मी आधी त्यात काय नाही ते पाहते. हॉलच्या भाड्यावर अट नाही. स्टेजवरच्या फुलांवर नाही, ड्रोन कॅमेऱ्यावर नाही, चार प्रकारच्या गोड पदार्थांवर नाही. मुलीच्या बापानं कर्ज काढून दिलेल्या फ्रीज, कपाट, सोफ्यावर तर अजिबातच नाही. नवरदेवाच्या नव्या कोऱ्या बुलेटला हार घालून ती मांडवाच्या दारात उभी केलेली असते. तिच्या शेजारून चालत मौलाना साहेब आत येतात, बसतात, मेहर किती ते विचारतात. बुलेट कुणी दिली ते विचारत नाहीत. मात्र कोपऱ्यात टोपी काढून बसलेले अकरा बँडवाले त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.

त्या मांडवातला सगळ्यात गरीब माणूस तोच आहे. अट त्याच्यावर पडते.

मला हे जास्त बोचतं, कारण माझे अब्बा बत्तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होते. सांगली-मिरजेच्या आसपासची शंभरेक गावं त्यांनी पायी मोजली असतील, तीही बरीचशी उलट चालत, कारण वरात समोर असते आणि मास्टरला तिच्याकडे तोंड करून वाजवावं लागतं. आमच्या घरात दाते पंचांग आणि कालनिर्णय दोन्ही असायचं. शेजारच्यांना त्याचं हसू यायचं. पण बँडवाल्याच्या घराला चंद्र दोन्हीकडून बघावा लागतो. तुलसीविवाह झाला की चूल पेटते, आषाढात विझते. मधे मोहरम आणि रमजान आले की आपल्या लोकांची लग्नं थांबतात. लग्नसराईच्या तिथी किती, यावर माझी शाळेची फी ठरायची. पावसाळ्यात अब्बा एका गॅरेजमध्ये पत्र्यांना रंग मारायचे. अखेरच्या काही वर्षांत एका वरातीचे त्यांना सातशे रुपये मिळत, आणि सुपारी घेताना मालकाला दिलेला ॲडव्हान्स कापून हातात पडायचे ते त्याहून कमी. वरातीत ओवाळून टाकलेल्या नोटा बँडच्या, हे ठरलेलं. पण दारू प्यायलेला कुणी ती नोट दातात धरून ‘तोंडानं घे’ म्हणायचा, तेव्हा अब्बा वाजवणं थांबवत नसत आणि नोटही घेत नसत.

हा धंदा आपल्या समाजाला नवा नाही. लष्करी आणि संस्थानी बँडमधून ही वाद्यं रस्त्यावर आली, आणि ती उचलणाऱ्यांत मुसलमान फार होते. मेरठच्या जली कोठी भागात आजही बँडची पितळी वाद्यं घडतात. तिथली नादिर अली यांची कंपनी 1885 सालची. ग्रेगरी बूथ नावाच्या संगीत-अभ्यासकानं देशभरच्या लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, 2005 मध्ये, आणि त्यात पानोपानी भेटतात ते मुसलमान आणि दलित वादक. आमच्या मिरजेचं सांगायचं तर सतार आणि तानपुरे बनवणारी घराणी मुसलमानच. 2024 मध्ये त्यांच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, देशभरचे कलावंत तिथे हजेरी लावतात. त्याचाही आपल्याला अभिमान आहे. मग त्याच शहरात निकाहच्या दिवशी क्लॅरिनेट हराम कसं होतं? तानपुरा मैफलीत बसतो आणि क्लॅरिनेट रस्त्यावर उभं असतं, एवढाच फरक मला दिसतो.

बँडवाल्यांना आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना कमी लेखणारा आणखी एक सूर आहे, तो शिकल्यासवरल्या पोरांचा. ‘ते कुठले कलाकार? दुसऱ्याची गाणी वाजवतात. नक्कल.’ ज्यांनी हे कधी जवळून पाहिलं नाही त्यांनाच हे सुचतं. सिनेमातल्या गाण्यात चाळीस व्हायोलिनं असतात, एक गायक असतो, मागे कोरस असतो. हे सगळं अकरा माणसांत, चालत, ट्रकच्या हॉर्नमधून बसवायचं असतं. गायकाचा आवाज क्लॅरिनेटला, कोरस ट्रम्पेटला, खालची भर युफोनियमला, आणि मधल्या संगीताच्या तुकड्यात ढोलवाल्याला मोकळं सोडायचं म्हणजे नाचणाऱ्यांना जागा मिळते. अब्बांच्या वहीत शेकडो गाण्यांची सरगम होती, रेडिओवर ऐकून लिहिलेली. नक्कल म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की आपल्याकडे गाणारे या शाळेतूनच आले. शब्बीर कुमार बडोद्याला रफींची गाणी गात मोठे झाले. सोनू निगम लहानपणी वडिलांबरोबर लग्नाच्या कार्यक्रमांत रफींचीच गाणी म्हणायचे. लग्नाचा स्टेज हा गरिबाच्या पोराचा रियाज असतो.

आणि रफींचा विषय निघालाच आहे तर बघा. या देशात वधू मांडवात येताना ज्या गाण्यानं फुलं पडतात ते ‘सूरज’ सिनेमातलं, 1966 चं; शब्द हसरत जयपुरींचे, आवाज रफींचा. दोस्ताच्या लग्नात ज्याच्यावर नाचतात ते ‘आदमी सड़क का’ मधलं, 1977 चं, आवाज रफींचा. मुलगी निघताना ज्या गाण्यावर बापाला रडू फुटतं ते ‘नीलकमल’ मधलं, 1968 चं. शब्द साहिरचे, आवाज पुन्हा रफींचा. हिंदूंच्या, जैनांच्या, बौद्धांच्या, ख्रिश्चनांच्या लग्नांत हा माणूस हजर असतो. फक्त आपल्याच मांडवात त्याला बंदी? 31 जुलैला त्याच्या बरसीचे स्टेटस ठेवणाऱ्यांनी मला याचं उत्तर द्यावं.

आता दीनकडे येते, कारण तिथे न येता हा वाद टाळल्यासारखा होईल. मी आलिमा नाही. पण वाचता येतं, आणि वाचणं आपल्यावर फर्ज आहे.

वाद्यं नाजायज ठरवणाऱ्यांचा आधार खरा आहे, तो मी लपवत नाही. बुखारी शरीफमध्ये एक रिवायत आहे, तिच्यात दारू आणि रेशमाबरोबर वाद्यांनाही हलाल ठरवणाऱ्या लोकांबद्दल ताकीद आहे. चारही मजहबांच्या बहुसंख्य फकीहांनी दफ सोडून बाकीच्या वाद्यांना मनाई केली. हे झालं एक. दुसरं असं की त्याच बुखारीत रुबैय्ये बिन्त मुअव्विज यांच्या लग्नाची हकीकत आहे. मुली दफ वाजवून बद्रच्या शहिदांची गाणी गात होत्या, रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम तिथे येऊन बसले. एका मुलीनं गाण्यात त्यांच्याबद्दल अतिशयोक्ती केली, उद्या काय होणार ते जाणणारा नबी आपल्यात आहे असं ती म्हणाली. त्यांनी तेवढी ओळ सोडायला सांगितली, आणि आधी जे गात होतीस तेच गा म्हणाले. एक ओळ दुरुस्त झाली, गाणं चालू राहिलं. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या, हजरत अबू बकर रागावले, तर त्यांना थांबवून मुलींना राहू द्या असं सांगितलं गेलं. अन्सारांकडच्या एका लग्नाहून परत आल्यावर हजरत आयेशांना विचारलं गेलं की करमणुकीचं काही नव्हतं का, अन्सारांना ते आवडतं. म्हणजे लोकांच्या आवडीचाही विचार झाला.

दफ चालतो, मग क्लॅरिनेट का नाही, यावर शतकानुशतकं इख्तिलाफ आहे. अंदलुसच्या इब्न हज्म यांनी वाद्यबंदीच्या रिवायतींची सनद तपासून त्या भक्कम नसल्याचं म्हटलं. इमाम गजालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि सरसकट हराम म्हणायला नकार दिला. आपल्या खुलताबादला ज्यांची कबर आहे ते बुऱ्हाणुद्दीन गरीब, वफात 1337, समाअसाठी इतके ओळखले जात की त्यांच्या मुरिदांच्या नाचण्याच्या ढंगालाच त्यांचं नाव पडलं. त्यांच्याच खलिफाच्या, जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबानं स्वतःसाठी जागा निवडली. औरंगजेबानं आयुष्याच्या उत्तरार्धात गाणं ऐकणं सोडलं होतं. समाअवाल्यांच्या सावलीत दफन व्हायला मात्र त्याला अडचण वाटली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: तुम्हाला बाजा नको असेल तर लावू नका. तुमचा तक्वा तुमच्यापाशी, मला त्याचा आदर आहे. पण जिथे इमामांमध्ये इख्तिलाफ आहे तिथे मोहल्ल्याच्या कमिटीनं दंडाची पावती फाडावी, हा अधिकार कुठून आला?

निकाह नाकारण्याच्या धमकीचंही तसंच. हनफी फिकहप्रमाणे निकाहला लागतं काय? इजाब, कुबूल आणि साक्षीदार. मेहर हा मुलीचा हक. खुत्बा सुन्नत आहे. काजी किंवा इमाम हजर असणं ही शर्त नाही. घरातला कुणीही जाणता माणूस निकाह पढवू शकतो. हे मौलाना साहेबांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. तरी नकाराची भीती दाखवली जाते, कारण ती भीती चालते: निकाह नाही तर उद्या दफनालाही कुणी येणार नाही, असं न बोलता सुचवलं जातं. मसला शरीयतचा राहत नाही मग, दबावाचा होतो.

तोच दबाव जहेजवर का नाही?

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं 2021 मध्ये ‘आसान निकाह’ची मोहीम काढली, त्यात जहेज नको हे पहिल्या काही मुद्द्यांत होतं आणि नाचगाणं नको हेही होतं. काही जमातींनी खरोखर मनावर घेतलं. मशिदीत निकाह, खजूर आणि शरबत, साधा वलीमा, संपलं. अशा लग्नाला मी गेले आहे आणि मला ते फार आवडलं. पण मोहल्ल्यात काय पोहोचलं? दोन अटींपैकी एकच. बाजा बंद झाला आणि जहेजला ‘खुशी से दे रहे हैं’ हे नाव मिळालं. कारण उघड आहे. बँडवाल्याला हाकलायला धाडस लागत नाही. कमिटीत बसलेल्या सदस्याच्या मुलाला मिळालेली गाडी परत करायला सांगायला लागतं.

कायदा तरी यात स्पष्ट आहे. 1961 चा हुंडा प्रतिबंधक कायदा मुसलमानांना लागू आहे; त्यात मेहर तेवढा वगळलाय, जहेज नाही. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला किमान पाच वर्षांची कैद आणि किमान पंधरा हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यातला जो जास्त असेल तो दंड. कुरआनात मेहर मुलीला खुल्या मनानं देण्याचा हुकूम सूरह निसाच्या सुरुवातीलाच आहे, चौथ्या आयतीत. म्हणजे दीन आणि कायदा दोन्ही एका बाजूला. इथे इख्तिलाफच नाही. जिथे इख्तिलाफ नाही तिथे गप्प बसायचं आणि जिथे आहे तिथे पावतीपुस्तक काढायचं, हे कोणतं तारतम्य?

कुणी म्हणेल, प्रश्न फिजूलखर्चीचा आहे. बरं. मग खर्चाचाच हिशोब करू. हॉलचा पैसा हॉलवाल्याला जातो, सोन्याचा सोनाराला, फ्रीजचा कंपनीला. लग्नाच्या संपूर्ण खर्चात जो पैसा थेट एका गरीब, बहुतेक वेळा मुसलमान, घराच्या पीठ-तेलात जातो तो बँडचा आणि भटारखान्यातल्या मजुरांचा. खर्च कमी करायचाच तर सुरुवात तिथूनच का करायची?

गंमत म्हणून एक सांगते. स्वामित्व हक्काच्या कायद्यात धार्मिक विधीत गाणं वाजवायला मोबदला द्यावा लागत नाही, आणि त्या कायद्यानं धार्मिक विधीची व्याख्या करताना लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ त्यात मोजले आहेत. म्हणूनच लग्नात दुसऱ्याची गाणी वाजवणारा बँड चोर ठरत नाही. देशाच्या कायद्यालासुद्धा वरातीचा बाजा लग्नाचा भाग वाटतो.

एका गोष्टीत मात्र मी ठराव करणाऱ्यांच्या बाजूची आहे, आणि ती डॉल्बी. आमच्याकडे डीजेच्या भिंतीला डॉल्बीच म्हणतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले ते खोके, छातीत घुसणारा आवाज, घराच्या काचा हलतात, आजारी माणूस तळमळतो. ते बंद व्हावं. पण कारण काय द्यायचं? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 पासून आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर नाही, वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा. हेच कारण द्या, ते सगळ्यांना लागू पडतं. गणपतीच्या मिरवणुकीला, आपल्या ईद-ए-मिलादच्या जुलूसातल्या डॉल्बीला, आणि आपल्या मशिदीच्या भोंग्यालाही. ‘हराम’ म्हटलं की शेजारच्या हिंदू घरातल्या बाळंतिणीची तक्रार बाजूला पडते आणि भांडण पुन्हा आपल्या आपल्यातच राहतं. शिवाय ठरावात ‘बँड-डीजे’ असा जोडशब्द लिहितात तो तर बँडवाल्यावर दुहेरी मार आहे. डॉल्बीनंच त्याचा धंदा खाल्ला. एक ऑपरेटर, एक लॅपटॉप, आणि अकरा माणसं घरी. ज्यानं त्याला बुडवलं त्याच्याच नावाबरोबर जोडून त्याला शिक्षा!

ऐकणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण ठराव करणारे चार जण असतात आणि ऐकणारे चारशे. माझ्या बहिणीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा शिकलेला, घर बरं, त्यांच्या घरच्या लग्नात ऑर्केस्ट्रा लावला होता, ‘व्हॉइस ऑफ रफी’ म्हणून ज्याची जाहिरात करतात तसा गायक आणला होता. बैठकीत सगळं छान चाललं होतं. मग अब्बांच्या कामाची चौकशी झाली. आत जाऊन त्यांच्या फूफीनं हळू आवाजात विचारलं ते मी दारामागून ऐकलं: ‘बाजेवाले लोगां है क्या?’ नंतर निरोप आला नाही. मनाई दीनची असती तर त्यांनी ऑर्केस्ट्राच लावला नसता. अडचण जातीची होती. बाजा ऐकायला हलाल, बाजेवाल्याच्या घरात मुलगी द्यायला-घ्यायला मात्र नको. नगारची, मिरासी, डफाली ही नावं आपल्यातही शिवीसारखी वापरली जातात, आणि वर आपण व्यासपीठावरून सांगतो की इस्लाममध्ये जात नाही. दीनमध्ये नाही, हे खरं. रिश्त्यात आहे. पसमांदा चळवळीतली माणसं हे कधीपासून सांगताहेत, आपण ते राजकारण म्हणून उडवून लावतो.

बायकांचं तर पूर्ण वेगळंच नुकसान झालं. माझ्या दादीच्या काळी लग्नाच्या आधी रतजगा व्हायचा. बायका रात्रभर ढोलक घेऊन दखनीत गाणी म्हणायच्या, सासूची, नणंदेची, समधीची टिंगल करायच्या, गुलगुले तळायच्या. त्यातली बरीच गाणी कुठे लिहिलेली नाहीत. विजापूरच्या सूफी परंपरेत जात्यावर म्हणायला चक्कीनामे आणि पाळण्यासाठी लोरीनामे रचले गेले. दखनी बायकांच्या तोंडी दीन पोहोचला तो असा गाण्यातून. आता बायकांच्या इज्तिमात ढोलकसुद्धा गुनाह म्हणून सांगितली जाते. दादी गेली आणि तिच्याबरोबर तिची गाणी गेली. घरात ढोलक आहे, तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवलेली असते.

हे सगळं घरातलं झालं. बाहेर काय चाललंय ते तुम्ही रोज पाहता. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेनं कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकान लावू न देण्याचा ठराव केला. तसे सूर इतरत्रही निघतात: यांच्याकडून मटण घेऊ नका, फळं घेऊ नका, यांना कामाला बोलवू नका. हिंदू लग्नांवर आणि मिरवणुकांवर जगणाऱ्या मुसलमान बँडवाल्यानं हे ऐकलं की त्याच्या पोटात गोळा येतो. तिकडे तो मुसलमान म्हणून नको. इकडे तो बाजेवाला म्हणून नको. मढीच्या ठरावावर आपण संविधानाची कलमं सांगितली, आणि ती बरोबरच सांगितली. रोजीवर बहिष्कार घालणारा ठराव चुकीचा असेल तर तो कुठल्याही भाषेत लिहिलेला चुकीचा असायला हवा ना? आपल्या बोर्डवरचा ठरावही एखाद्या पोराची रोजीच बंद करतो.

ज्यांची लग्नं येत्या दोन-चार वर्षांत ठरणार आहेत त्यांच्याशी मी बोलते आहे. तुमच्या मशिदीच्या कमिटीकडे लेखी अर्ज द्या: निकाहपूर्वी दोन्ही बाजूंकडून जहेज दिलं-घेतलं नसल्याचं सहीनिशी लिहून घ्या, मेहर रोख आणि त्याच दिवशी द्यायला लावा, आणि हे न करणाऱ्याचा निकाह पढवू नका. यावर कमिटी काय म्हणते ते बघा, त्याचीही रील करा. लग्नात बाजा हवा असेल तर डॉल्बीऐवजी बँड बोलवा, नमाजच्या वेळी आणि मशिदीजवळ थांबवा, रात्री दहाच्या आत संपवा. वादकांना पाहुण्यांच्या पंगतीत जेवायला बसवा, मागच्या दाराला नाही. ठरलेली रक्कम त्याच रात्री हातात द्या. ‘उद्या या’ म्हणून त्यांना चार चकरा मारायला लावणारे सगळ्या धर्मांत आहेत, त्यात आपण तरी नको. आणि नोट दातात धरणारा कुणी दिसला तर त्याला तिथेच अडवा.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न बकरी ईदनंतर आहे. जहेज नाही, मेहर ठरला आहे आणि तो निकाहच्या दिवशी दिला जाईल. सात जणांचा बँड सांगितला आहे, अब्बांच्या हाताखाली शिकलेला मुलगा क्लॅरिनेटला आहे. आमच्या मौलाना साहेबांना मी स्वतः भेटून हे कळवलं. ते म्हणाले, विचार करून सांगतो. त्यांनी नकार दिला तरी माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग राहणार नाही. खुत्बा माझे मामू पढतील, तेही हाफिज आहेत, तारीख तीच राहील.